पलटणीतून आणलेलं दुखणं

फौजेत माणसाची तब्येत पाच अक्षरांत लिहितात. एस, एच, ए, पी, ई. पहिलं मनाचं, दुसरं कानाचं, तिसरं हातापायांचं, चौथं शरीराच्या एकंदर ताकदीचं, पाचवं डोळ्यांचं. पाचही अक्षरांपुढे एकचा आकडा असला की जवान 'शेप वन'. मी आर्मी मेडिकल कोरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. लखनौला ट्रेनिंग झालं आणि मग उभी नोकरी या एमआय रूममधून, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यातून, त्या एमआय रूममध्ये गेली. तिथे एक गोष्ट लवकर कळली, ती ट्रेनिंगच्या पुस्तकात नव्हती. पीपुढे दोन लागले तर जवान कुरकुरतो. एसपुढे दोन लागले तर घाबरतो. हत्यार काढून घेतील, कोर्सला पाठवणार नाहीत, बढती अडेल, आणि बरॅकमधली पोरं टोमणे मारतील ते वेगळंच. म्हणून झोप उडालेला जवान झोपेची तक्रार घेऊन कधी यायचाच नाही. तो सांगायचा, पोटात गोळा येतोय. छातीत धडधडतंय. पाठ धरलीय. आम्ही त्याला पोटाची गोळी द्यायचो, रजिस्टरात 'गॅस्ट्रायटिस' लिहायचो आणि पुढच्याला हाक मारायचो.

पेन्शनीत आल्यापासून मी मंचरला भाच्याच्या औषधाच्या दुकानात बसतो. बीपी मोजायचं यंत्र माझ्यापाशी असतं, त्यामुळे घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, कुठकुठले माजी सैनिक चहाच्या निमित्ताने दंड पुढे करून बसतात. या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातून पलटणीत गेलेल्यांची दुखणी मी तीन पिढ्यांची पाहिली. माझ्या आजोबांच्या पिढीतली लहानपणी, चुलत्यांची वाढत्या वयात, आणि आता माझ्याहून लहान असलेल्यांची. तिन्ही पिढ्यांनी तक्रार केली ती शरीराची. आजकालचे शिकलेले लोक म्हणतात, मनातलं बोलता येत नाही म्हणून हे लोक पोटाचं नाव पुढे करतात. मला ते पटत नाही. पोटाचं नाव घेत होते कारण पोट खरंच दुखत होतं.

थोरल्या आबांपासून सांगतो. माझ्या आजोबांचे हे सख्खे थोरले भाऊ, १०३ मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई. ही पलटण १७६८ सालची, पुढे १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली आणि आजही 'जंगी पलटण' म्हणून ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात सहाव्या डिव्हिजनबरोबर, म्हणजे पूना डिव्हिजनबरोबर ती मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, गेली. ६ नोव्हेंबर १९१४ ला फाओच्या किनाऱ्यावर सैन्य उतरायला सुरुवात झाली. बसरा घेतलं, अमारा घेतलं, कूत घेतलं. बगदाद जवळ आलं असं वाटत असतानाच नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला मार खाऊन सगळे मागे फिरले आणि टायग्रिस नदीच्या वळणातल्या कूत-अल-अमारा गावात अडकले. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पूर्ण झाला, तो पावणेपाच महिने चालला. वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७.

कूतच्या वेढ्याचं नाव वैद्यकाच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने निघतं. एकाच गावात, एकाच तोफखान्याखाली, गोऱ्या सोल्जरांना बेरीबेरी झाला आणि आपल्या शिपायांना स्कर्व्ही. गोऱ्यांकडे घोड्याचं ताजं मांस होतं पण पाव पांढऱ्या मैद्याचा, त्यात बेरीबेरी रोखणारं जीवनसत्त्व नाही. आपल्याकडे आटा आणि जव, पण भाजी नाही आणि घोड्याचं मांस खायला बहुतेकांची तयारी नाही. धर्माची हरकत नाही असे निरोप हिंदुस्थानातून मागवले गेले, तरी गावाकडे गेल्यावर लोक काय म्हणतील, ही धास्ती तारेने जाण्यासारखी नव्हती. एप्रिलमध्ये, अगदी गळ्याशी आल्यावर, बरेच जण ते खाऊ लागले. शेवटी शेवटी दिवसाला चार औंस पीठ मिळायचं, आजच्या मापात ११५ ग्रॅमसुद्धा नाही. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती दिली. उपाशी माणसांच्या हातावर तुर्कांनी काळी, दगडासारखी बिस्किटं ठेवली. ती खाऊन पोट फुगून कित्येक जण तिथेच गेले. उरलेल्यांना बगदाद, मोसुल करत वाळवंटातून चालवत नेलं आणि रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला लावलं. वाटेत आणि कामावर हजारो मेले. आबा जगले.

मी पाहिले ते म्हातारे आबा. तोंडात एक दात नाही. स्कर्व्हीत हिरड्या सुजतात, दात हलतात आणि मग पडतात, हे मला पुढे लखनौला समजलं. घरात सगळे म्हणायचे, आबांचे दात तुर्कस्तानात राहिले. भाकरी कालवणात भिजवून खायचे, ताटात कण ठेवत नसत आणि उशाला फुटाण्यांची पुरचुंडी असायची. ते फुटाणे त्यांना चावता येत नव्हते, तरी पुरचुंडी जुनी झाली की नवी बांधून ठेवत. एकदा घरी पाहुणे आले, चहाबरोबर बशीत बिस्किटं ठेवली. खेड्यात तेव्हा बिस्किट ही अपूर्वाई. आबांनी बशीकडे पाहिलं, उठले, गोठ्याच्या मागे गेले आणि आम्हाला ओकारीचा आवाज आला. माझी आजी पाहुण्यांना म्हणाली, "त्यास्नी पित्ताचा तरास हाय." रात्री अंगणात येरझाऱ्या घालत. मध्येच माझ्या आजोबांना उठवून छातीवर हात ठेवायला लावत आणि म्हणत, "बघ रं, घोडं पळतंय."

त्यावर उपाय काय झाले? जे त्या काळी सगळ्यांनी केले तेच. धामणखेलच्या खंडोबाला नवस झाला. निमदरीच्या रेणुकेचा अंगारा आला. जुन्नरच्या वैद्याचं हिंगाष्टक चूर्ण वर्षानुवर्षं घरात होतं. डोंगराकडच्या भगताने सांगितलं, परमुलुखातलं बाहेरचं लागलंय, पाणी ओलांडून आलंय म्हणून इथला उतारा चालत नाही. हसू नका. भगत निदान एवढं तरी मान्य करत होता की हा माणूस जाताना असा नव्हता, तिकडे काहीतरी झालं आणि ते अंगात बसलंय. सरकारी कागद तेवढंही मान्य करायला तयार नव्हता.

साहेबांच्या डॉक्टरांनाही याचं कोडं होतंच. अमेरिकेतल्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या एका लष्करी इस्पितळात जेकब दा कोस्टा नावाचा डॉक्टर होता. धडधड, धाप, छातीत कळ, घाम, जुलाब अशा तक्रारी घेऊन आलेले सुमारे ३०० शिपाई त्याने तपासले. बऱ्याच जणांच्या हृदयात दोष सापडेना. १८७१ मध्ये त्याने त्यावर निबंध लिहिला आणि त्या आजाराला 'इरिटेबल हार्ट' म्हटलं; 'सोल्जर्स हार्ट' हेही त्याचंच नाव. पहिल्या महायुद्धात लंडनच्या टॉमस लुइसने असेच शिपाई शेकड्यांनी पाहिले. त्याने त्यांना बिछान्यात ठेवायच्या ऐवजी हळूहळू वाढत जाणारी ड्रिल करायला लावली आणि अनेकांना उभं केलं. त्याचं पुस्तक १९१८ चं. तिकडे १९१५ मध्ये चार्ल्स मायर्सने 'शेल शॉक' हे नाव छापून आणलं आणि ते इतकं गाजलं की धडधडणारं हृदय मागे पडून थरथरणारे हात पुढे आले.

हे सगळं गोऱ्या शिपायांचं. हिंदी शिपायाची तक्रार आली की पहिला संशय कामचुकारपणाचा. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये आपल्या जखमींमध्ये हाताच्या जखमा जास्त दिसल्या, तेव्हा हे लोक आपल्याच हाताने गोळ्या मारून घेतात अशी कुजबुज झाली. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचा प्रमुख कर्नल ब्रूस सीटन याने १,००० जखमा तपासल्या. संशयाला आधार मिळाला नाही. पण गोळीच्या जखमेवर जिथे विश्वास नाही, तिथे आबांच्या घोड्यावर कोण ठेवणार?

लंडनच्या एडगर जोन्स आणि सायमन वेस्ली यांच्या चमूने २००२ मध्ये एक मोठं काम केलं. बोअर युद्धापासून आखातातल्या युद्धापर्यंतच्या १,८५६ ब्रिटिश सैनिकांच्या पेन्शन फायली काढून तक्रारींचा ताळेबंद मांडला. आधीच्या युद्धांतल्या फायलींत अशक्तपणा आणि अंगदुखी, मग हृदय, आणि अलीकडच्या फायलींत मन. युद्ध एकच काम करत होतं, डॉक्टर ज्या अवयवावर बोट ठेवत तिथलं दुखणं कागदावर ठळक होत होतं. १९८० मध्ये अमेरिकेच्या मनोविकारांच्या यादीत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मनाचा ताण, हे नाव आलं आणि सगळा कारभार मनाच्या खात्यात जमा झाला. फार मोठी गोष्ट झाली, नाकारत नाही. पण त्या गडबडीत पोट आणि छाती बेवारस झाली. मनाचा डॉक्टर बीपी बघेना आणि बीपीचा डॉक्टर झोपेचं विचारेना.

आता जरा आडवाटेला जातो. आंबेगाव तालुक्यात भीमाशंकरला जे शिखर दिसतं ते नाना फडणवीसांनी बांधलेलं, आणि तिथली मोठी घंटा चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकून आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी. लढाईतून आलेली घंटा देवापुढे टांगता येते, येणारे-जाणारे वाजवतात. नाना मात्र लढाईतून स्वतःला घेऊन आले होते. जानेवारी १७६१, वय एकोणीसच्या आत, पानिपतावरून वेष टाकून, रात्री चालून, दिवसा गवतात लपून निसटलेला पोरगा. आई त्या पळापळीत गेली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, पण पुढे शरीराने त्याचे हिशेब कसे मागितले ते मात्र लिहिलं नाही. त्याच पानिपतानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, २३ जूनला, नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. ते आधीपासून आजारी होते हे खरं. तरीही महाराष्ट्राने तेव्हापासून एकच सांगितलं, की पानिपताची हाय खाल्ली. दुःखाने देह जातो हे आमच्या लोकांना १९८० च्या कितीतरी आधी ठाऊक होतं. फक्त ते पेशव्याच्या बाबतीत मान्य होतं, शिपायाच्या बाबतीत नाही.

थोरल्या आबांच्या त्याच जंगी पलटणीत माझे चुलते गेले. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. डिसेंबर १९७१ मध्ये ते जमालपूरला होते. ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल, पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर तिकडच्या कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. त्यानंतर १० डिसेंबरच्या रात्री ते लोक जमालपूर सोडून ढाक्याकडे निसटायला निघाले आणि रस्ता अडवून बसलेल्या पहिल्या मराठ्यांच्या खंदकांवर येऊन आदळले. रात्रभर अंधारात, अगदी जवळून गोळीबार झाला. सकाळी रस्त्यावर प्रेतांचा खच होता. लष्करी इतिहासात ही लढाई मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि सांगावीच. तात्यांनी ती कधी सांगितली नाही. पंधरा वर्षांची नोकरी पुरी करून १९७३ च्या सुरुवातीला ते पेन्शनीत घरी आले.

घरी आले तेव्हा गावात काय चाललं होतं? बहात्तरचा दुष्काळ. पाऊस गेलेला, विहिरी तळाला, आणि ज्याच्या-त्याच्या विहिरीवर खोल करायचं काम. आमच्याकडे खाली काळा पाषाण, टिकाव चालत नाही. मग पहारेने भोकं पाडायची, त्यात सुरुंगाची दारू ठासायची, वाती लावायच्या आणि पेटवणारा गडी दोराला धरून वर यायचा. कडेला यारी उभी, फुटलेला दगड तिने वर काढायचा. दुपारची जेवायची सुट्टी आणि दिवस मावळतीची वेळ, या दोन वेळा सुरुंग उडायचे. आमच्या विहिरीचे, मग शेजाऱ्याच्या, मग ओढ्यापलीकडच्या. त्यात तिकडे कुकडी प्रकल्पाच्या धरणांची कामं निघालेली. जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत आमच्या शिवारात जेवढे बार उडाले तेवढे कुठल्याही पलटणीने एका हंगामात ऐकले नसतील, असं मी म्हणतो. ही माझी अतिशयोक्ती समजा.

पहिल्या दिवशी मी तिथेच होतो. पेटवणारा वर आला, ओरडला, सगळे बाभळीमागे गेलो. तात्यांना पुरतं माहीत होतं काय होणार आहे. तेच मघाशी आम्हा पोरांना मागे सारत होते. पहिला बार झाला आणि तात्या दिसेनात. बघतो तर बांधाच्या अलीकडे, नांगरटीत, ढेकळांवर पालथे. कोपरं अंगाखाली, हनुवटी मातीला टेकलेली, तोंड विहिरीकडे. वाती तीन होत्या. दुसरा बार झाला, तिसरा झाला, तरी उठेनात. मग एकदम उठले, धोतर झटकलं आणि हसत म्हणाले, "पाय घसरला." कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने विहिरीच्या मागच्या अंगाला जाऊन त्यांनी जेवण ओकून टाकलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो तर हाताने दूर सारलं. "काय नाय रं, पित्त झालंय. उन्हाचं."

त्या उन्हाळ्यात त्यांना रोज पित्त झालं. चुलतीने, आम्ही तिला बाई म्हणायचो, कोकमं, जिऱ्याचं पाणी, खायचा सोडा सगळं केलं. तात्या माळकरी, दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही. वजन उतरत गेलं. पाठ धरायची ती आठ-आठ दिवस सुटायची नाही. पुढे पाणी आलं, ऊस आला, तेव्हा रात्रीच्या लाइटीला दारं धरायला ते एका पायावर तयार. आमचीच काय, भावकीतल्या दुसऱ्यांची पाळीसुद्धा हौसेने घ्यायचे. लोक म्हणायचे, फौजी माणूस, भीती म्हणून नाही. मी एकदा सोबत गेलो. बॅटरी लावू देईनात. "उजेड दावायचा नसतो," एवढंच म्हणाले. सगळी रात्र बांधाला पाठ लावून, पाण्याच्या आवाजात दुसरा कसला आवाज येतो का ते ऐकत बसले. रात्री झोप येतच नव्हती, तर निदान त्या जागण्याला गावात मान होता. घरात अंथरुणावर बसून जागणाऱ्याला लोकांनी वेडा म्हटलं असतं.

एमआय रूममध्ये लागल्यावर रजेवर आलो की मी त्यांचं बीपी बघायचो. १७० च्या खाली मला ते क्वचितच मिळालं. साठीही गाठली नाही. उसाला पाणी देऊन सकाळी घरी आले, ओट्यावर बसले, आणि गेले. हार्ट अटॅक. त्याआधी आजाराची पेन्शन मिळावी म्हणून अर्ज केला होता. उत्तर आलं की अर्जदाराच्या रक्तदाबाचा लष्करी सेवेशी संबंध दिसून येत नाही. जमालपूरच्या रस्त्याचा त्या कागदावर उल्लेख नव्हता, आणि झोपेचा रकानाच नव्हता.

मी डॉक्टर नाही. तात्यांचं हृदय जमालपूरमुळे गेलं असं शपथेवर सांगता येणार नाही. पण एवढं सांगतो. अमेरिकेत व्हिएतनामच्या काळातल्या जुळ्या भावांवर एक अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये छापला. जुळे अशासाठी घेतले की रक्त एक, घर एक, लहानपणचं खाणं एक. २८१ जोड्या, तेरा वर्षांचा पाठपुरावा. पीटीएसडी असलेल्यांपैकी २२.६ टक्क्यांना हृदयविकार झाला, नसलेल्यांपैकी ८.९ टक्क्यांना. सिगारेट, दारू, व्यायाम यांचा हिशेब वेगळा काढूनही मोठा फरक शिल्लक राहिला. कारणं समजायला अवघड नाहीत. धोका दिसला की शरीर रसायनं सोडतं, ठोके वाढतात, नसा आवळतात, पोटाचं काम थांबतं. धोका टळला की सगळं जागेवर यायला हवं. ज्याचं जागेवर येत नाही त्याचं हृदय वर्षानुवर्षं धावत्या माणसाचं काम बसल्या जागी करतं. झोप नाही म्हणून रात्रीसुद्धा बीपी उतरत नाही. साखर वाढते. स्नायू सैल पडत नाहीत म्हणून पाठ. आबांचं घोडं आणि तात्यांचं पित्त, दोन्ही यात बसतात.

आताच्या पिढीची लढाई वेगळी. ठरलेली आघाडी नाही, ठरलेली तारीख नाही. १९९० मध्ये राष्ट्रीय रायफल्स उभी राहिली तेव्हापासून मराठ्यांची पोरंही काश्मीरच्या जंगलात आळीपाळीने जातात. आज गस्तीला काही झालं नाही, उद्या होईल, असं दोन-दोन वर्षं. अशी माणसं पेन्शन घेऊन नारायणगावच्या टोमॅटोत, ओतूरच्या कांद्यात उतरतात, आणि रात्री उसात बिबट्या. धरणांमुळे ऊस आला, उसात बिबट्या राहू लागला, आणि त्याला ठेवायला माणिकडोहला निवारा केंद्र उभं करावं लागलं, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण ज्याने तरुणपण झाडीत कुणी दबा धरलाय का बघण्यात घालवलं, त्याच्याच नशिबी पुन्हा रात्री उसाचा फड, हे कुठे छापून येत नाही. वर कॅन्टीनची रम आहेच. झोपेचं औषध म्हणून सुरू होते, वर्षभरात औषधाचा आजार होतो.

३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला, दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. पुढच्या पावसाळ्यात त्या भागातल्या साध्या शेतकरी बायाबापड्या दुकानात येऊन म्हणत होत्या, ढग गडगडला की छातीत धडधडतं, पोटात कालवतं. कुणीही फौजेत नव्हतं. शब्द मात्र आबांचे होते. तेव्हापासून मी पेन्शनरांना झोपेबद्दल विचारायला लागलो.

कायदाही थोडा हललाय. २ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं की भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर आजाराची नोंद नाही, त्याला पुढे आजार झाला तर तो सेवेमुळे झाला असं धरून चालावं. नाही म्हणायचं तर कारण सरकारने द्यावं. २०२३ च्या सप्टेंबरात अपंगत्वाच्या पेन्शनचे नवे नियम आले, आणि रक्तदाबासारख्या दुखण्यांचं काय होणार यावरून माजी सैनिकांनी आवाज उठवला. सरकारच्या बाजूनेही बोलता येईल. शहरात खुर्चीवर बसणाऱ्यांनाही बीपी असतं, सगळ्यांचं ओझं फौजेने का घ्यावं? पण मग प्रश्न नीट विचारा. बीपी कधी सुरू झालं एवढंच विचारू नका. त्याआधी माणूस कुठे होता, तिथे काय झालं आणि तेव्हापासून रात्री किती झोपतो, तेही विचारा. तो रकाना आजही कागदावर मला सापडत नाही.

म्हणून मी माझ्यापुरतं करतो. बीपी मोजून झालं की झोपेचं विचारतो. उत्तर ठरलेलं असतं, "एकदम फर्स्ट क्लास." मग घरच्या माणसांना विचारतो. वहिनी, हे झोपतात कुठल्या बाजूला? दाराच्या का? गाडीचा टायर फुटला तर काय करतात? लग्नात फटाके लागले की कुठे जातात? बहुतेक वेळा बायको नवऱ्याकडे बघते, तो छताकडे बघतो, आणि उत्तर मिळतं. मग मी कागदाच्या चिठ्ठीवर बीपीच्या आकड्याखाली ते लिहून देतो आणि खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलला दाखवा म्हणतो.

मागच्या महिन्यात आमच्याच बाजूचा एक नायक आला. राष्ट्रीय रायफल्समधून नुकता परतलेला, चाळिशीच्या आतला, १६०/१०४. पोट साफ नाही, ॲसिडिटी, मान अवघडलेली. बायकोने सांगितलं, दोन तासांच्या वर झोपत नाहीत, आणि धाकट्याने पाठीमागून येऊन हाक मारली तेव्हा त्याला भिंतीला दाबून धरलं होतं. मी लिहायला घेतलं तर त्याने माझा हात धरला.

"काका, डोक्याचं लिहू नका. बँकेत वॉचमनची नोकरी लागायचीय, बंदुकीचं लायसन लागतं."

मी म्हटलं, डोक्याचं लिहीत नाही. आकडा लिहिला, खाली लिहिलं, झोप दोन तास, आठ महिन्यांपासून, आणि त्याच्याखाली, दचकतो. त्याने चिठ्ठी वाचली, 'दचकतो' हा शब्द माझ्याच पेनने खोडला आणि खिशात घातली. बीपीची गोळी मात्र घेतो म्हणाला, रोज सकाळी, जेवणाआधी की नंतर ते नीट विचारून.